वहाणेचे मोल

कोणी आपल्यावर मोठा उपकार केला म्हणजे आपण मराठी माणसे म्हणतो, 'माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले तरी हे ऋण फिटणार नाही.' आणि कोणाचा पाणउतारा करायचा झाला, तर त्याला 'पायातली वहाण' म्हणायलाही आपण कमी करीत नाही. जोडे शिवणाऱ्याच्या वाट्याला मात्र यांतला दुसरा शब्दच अधिक आला. आज मी त्याच्याविषयी, म्हणजे स्वतःच्या हाताने वहाणा करून विकणाऱ्या कारागिराविषयी, चार गोष्टी सांगणार आहे.

आमच्या बारामती-इंदापूर भागातून दर वर्षी आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी जाते. बारामती, सणसर, इंदापूर असे मुक्काम करीत ती सराटीला येते. तिथे नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घालतात आणि मग पालखी पलीकडे सोलापूर जिल्ह्यात उतरते. वाटेत ठिकठिकाणी चर्मकार बंधू आपली आरी आणि हातोडी घेऊन बसलेले असतात. वारकऱ्याच्या वहाणेचा अंगठा तुटला की ते तिथल्या तिथे टाका घालून देतात, आणि पुष्कळजण त्याचा पैसाही घेत नाहीत. पालखीतल्या पादुकांपुढे आपण सगळे माथा टेकतो. पण जो वहाण शिवून देतो, त्याच्याकडे आपण बाकीचे अकरा महिने कशा नजरेने पाहतो, हे ज्याचे त्याने मनाला विचारावे.

आधी हे काम काय आहे ते पाहू. पुष्कळांना वाटते, कातडे कापले, दोन टाके घातले, झाली वहाण! तसे नाही. कच्चे कातडे प्रथम चुन्याच्या पाण्यात ठेवायचे, केस काढायचे आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या काढ्यात ते कमवायचे. या जुन्या रीतीला काही आठवडे लागतात. कारखान्यात क्रोमच्या क्षारांनी हेच काम फार लवकर होते. पण साल-हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा ताठपणा, त्याचा तपकिरी रंग आणि हळूहळू पायाचा आकार घेण्याचा गुण त्या मऊ कातड्याला येत नाही, आणि जाड तळाची वहाण करायला हेच कातडे लागते.

मग कारागिराचे खरे काम सुरू होते. कातडे भिजवून, ठोकून घट्ट करायचे. पायाच्या मापाने तळ कापायचे. रापीने कडा तासायच्या. दोन तळांच्या मध्ये बाजूचे कान बसवायचे आणि आरीने भोके पाडून कातड्याच्याच वादीने सगळे शिवून काढायचे. अस्सल वहाणेत खिळा नसतो. पट्ट्यावरची वेणी आणि नक्षी पुष्कळदा घरातल्या बायाच करतात, म्हणजे एका जोडामागे सगळ्या घराचे हात लागलेले असतात. कोल्हापूरकडे कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी असे याचे कितीतरी प्रकार नावाने ओळखले जातात.

पूर्वी गावगाड्यात चांभार हा बलुतेदार होता. वहाणा तर तो करीच, पण विहिरीवरची कातड्याची मोट, नाडा, आसूड हेही त्याच्याच हातचे. त्याबद्दल सुगीला खळ्यावर त्याला धान्य मिळे. धान्य मिळे, पण त्याच्या कामाचा भाव मात्र दुसरे ठरवीत, आणि त्याची जागा गावकुसाच्या कडेला असे. ही व्यवस्था मोडली याचे कोणी दुःख करू नये. आमच्याकडे नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, पुढे विहिरीवर इंजिने आली, विजेचे पंप आले आणि मोट गेली. पाठोपाठ रबराच्या आणि प्लॅस्टिकच्या चपला आल्या. टोमास बाटा हा स्वतः चांभाराच्या घरात जन्मलेला. त्याने १८९४ साली झ्लिन या गावी कारखाना काढला, आणि १९३० नंतरच्या दशकात त्याच कंपनीचे बाटानगर कलकत्त्याजवळ उभे राहिले. यंत्राने जोडा स्वस्त केला. अनवाणी चालणाऱ्या कोट्यवधी माणसांच्या पायात त्यामुळे काहीतरी आले, हेही आपण मान्य केले पाहिजे. मात्र त्या स्वस्ताईशी स्पर्धा करता करता हाताने काम करणारा मागे पडला.

मागे एकदा मी बाजाराच्या कडेला बसणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे वहाण करून घ्यायला गेलो. त्यांनी कागदावर माझा पाय ठेवून पेन्सिल फिरवली आणि म्हणाले, "मास्तर, डावा पाय जरा मोठा आहे तुमचा. दुकानातला जोडा चावत असेल." खरेच चावत होता! मी विचारले, "आबा, मुलगा हेच काम करतो का?" ते हसले. "नाही. तो कंपनीत लागला. मीच घातला नाही त्याला ह्यात. पण मास्तर, माझ्या पोरानं नाही तर नाही, दुसऱ्या कुणी तरी हे शिकावं की! जातीचं असूं दे, नसूं दे. हात माझ्याबरोबर जायला नको."

आबांच्या या बोलण्यात साऱ्या प्रश्नाचे सार आहे. कला टिकावी म्हणून चर्मकाराच्या मुलाने आरीच धरावी, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याने डॉक्टर व्हावे, प्राध्यापक व्हावे. पण ज्याला हे काम करायचे आहे, तो कोणत्याही घरातला असो, त्याला त्यावर मानाने पोट भरता आले पाहिजे. आज ते का भरत नाही?

पहिली अडचण कातड्याची. २०१५ साली महाराष्ट्रात गाईप्रमाणेच बैल व वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आली. तेव्हापासून मुख्य भिस्त म्हशीच्या आणि बाहेरून येणाऱ्या कातड्यावर राहिली. लहान कारागिराला ते थोडे थोडे आणि रोखीने घ्यावे लागते. दुसरी अडचण भांडवलाची. कातड्याचे पैसे आधी द्यायचे आणि वहाणेचे पैसे गिऱ्हाईक किंवा व्यापारी देईल तेव्हा घ्यायचे, या दोन्हींच्या मधल्या दिवसांत तो कर्जात शिरतो. तिसरी अडचण नावाची, आणि ती जरा समजून घेण्यासारखी आहे.

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी २०१९ साली आली. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून ते मिळवले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांत रीतसर झालेल्या चपलेलाच 'कोल्हापुरी' हे नाव लावता येते. आता नकाशा पाहा. आमच्या नीरेच्या पलीकडे फलटण सातारा जिल्ह्यात, अकलूज सोलापूर जिल्ह्यात. अलीकडे बारामती आणि इंदापूर पुणे जिल्ह्यात. म्हणजे नदीपलीकडच्या कारागिराला ते नाव खुले, आणि अलीकडच्याने तशीच वहाण केली तरी ते नाव लावायचे नाही. हा कायद्याचा दोष नव्हे. नावाला राखण हवी असेल तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण त्यामुळे आमच्याकडच्या कारागिराने दुसऱ्याच्या नावावर अवलंबून न राहता तळावर स्वतःचे नाव आणि गाव उमटवावे, हे मला अधिक बरे वाटते. ज्याने केली त्याचे नाव वहाणेवर असले की खोट्या मालाला वाव राहत नाही.

नावाची किंमत केवढी असते याचे ताजे उदाहरण घ्या. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या कंपनीने पुरुषांच्या पोशाखांच्या प्रदर्शनात अगदी कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचा किंवा भारताचा उल्लेखच केला नाही. इकडे ओरड झाली, तेव्हा त्यांनी भारतीय कारागिरांचे ऋण मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये त्या कंपनीने याच दोन महामंडळांशी करार केला. त्यानुसार इथल्या कारागिरांच्या मदतीने २,००० जोड करायचे आणि एकेक जोड सुमारे ८०० युरोंना विकायचा, असे ठरले. आठशे युरो म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्याही वर! आणि आपण हजार रुपयांच्या जोडावर शंभर रुपये कमी करा म्हणून अर्धा तास उभे राहतो.

सरकारने काही सोयी केल्या आहेत. आपल्या राज्यात संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ पासून आहे. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या गटई कामगारांना पत्र्याचा स्टॉल देण्याची योजना आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत जोडे शिवणारा आहे. तिच्यात अवजारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षण, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व पुढे दोन लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. पण जोडे करणाऱ्याला आपलेच जोडे कचेरीत झिजवावे लागू नयेत, यासाठी गावातल्या शिकलेल्या माणसाने त्याच्याबरोबर बसून अर्ज भरून द्यावा. तास दोन तासांचे काम आहे.

आणि आपण गिऱ्हाइकांनी काय करावे? माप देऊन वहाण करून घ्यावी. निम्मे पैसे आगाऊ द्यावेत, म्हणजे कातड्यासाठी त्याला व्याजाने पैसे काढावे लागणार नाहीत. आठ-पंधरा दिवस थांबावे, कारण हातांना वेळ लागतो. सांगितलेला भाव रास्त असेल तर घासाघीस करू नये. नवी वहाण चावते म्हणून कोपऱ्यात टाकू नये. तिला थोडे तेल लावावे आणि पहिले आठ दिवस घरातच तास-दोन तास वापरावी. पावसात घालू नये. भिजलीच तर सावलीत वाळवावी. आणि तळ झिजला की फेकून न देता त्याच माणसाकडे दुरुस्तीला न्यावी. दुरुस्तीच्या या लहान कामावरच पुष्कळांची रोजची चूल पेटते.

लग्नकार्यात आपण नवरदेवाला फेटा आणि जोडे घेतोच. ते जोडे गावातल्या माणसाकडून करून घेतले, शाळा-कॉलेजांनी स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांना शालीबरोबर एक जोड दिला, तर एका घराचे दोन महिन्यांचे काम होईल. आमच्या कॉलेजात मी ही सूचना मांडली, तेव्हा एक सहकारी हसून म्हणाले, "पाहुण्यांना वहाणा द्यायच्या?" त्यांच्या हसण्यातला अर्थ मला कळला. तोच अर्थ आपल्याला मनातून काढायचा आहे.

आबांनी केलेली वहाण मी अजून वापरतो. पहिले काही दिवस ती करकरली, आता ती माझ्या डाव्या पायालाही बरोबर बसते. तुमच्या गावात असा कोणी असेल, तर येत्या बाजाराच्या दिवशी त्याच्यापुढे पाय ठेवा, माप द्या, आणि जाताना त्याचे नाव विचारा.