दोन अठ्ठ्या आणि एक राणी

हातात दोन अठ्ठ्या आहेत, एक इस्पिकची, एक चौकटची. एक्क्यांची जोडी असती तर विचार करायचं कारणच नव्हतं. सत्ती-दुर्री असती तर पानं टाकून चहाला उठता आलं असतं. अठ्ठ्यांनी मात्र पंचाईत केली आहे, कारण समोरच्याने आपला सगळा ढीग पुढे सरकवलाय आणि पाळी तुमची आहे. तेवढेच लावून कॉल करायचा, की पानं टाकून फोल्ड? तीन पत्तीवाले फोल्डला ‘पॅक’ म्हणतात, घालमेल तीच.

खेळ आहे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली. मग टेबलावर पाच उघडी: आधी तीन एकदम, त्याला म्हणतात फ्लॉप, मग एक, मग शेवटचं एक. सातांतून सगळ्यात भारी पाच ज्याची जमतील त्याचा पॉट, म्हणजे सगळ्यांनी लावलेल्याचा ढीग. पैशांचे ऑनलाइन खेळ 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आहेत, तेव्हा या लेखातला सगळा व्यवहार चिंचोक्यांचा समजावा. गणिताला त्याने काही फरक पडत नाही.

पत्त्यांच्या उतरंडीत अठ्ठी बरोब्बर मध्यावर बसते. दुर्री ते सत्ती सहा पायऱ्या खाली, नव्वी ते एक्का सहा पायऱ्या वर. अशा वेळी नवखा गडी समोरच्याचा चेहरा वाचायला जातो. मुरलेला गडी मनात मोजदाद करतो: याच्याकडे काय काय असू शकतं, आणि किती रीतींनी?

समजा, फ्लॉप अजून उघडायचा आहे आणि समोरचा सावध आहे. दश्श्यांची किंवा त्याहून मोठी जोडी, नाहीतर एक्का-राजा किंवा एक्का-राणी, एवढ्यावरच तो सर्वस्व लावतो. चार दश्श्यांतून दोन उचलायच्या सहा रीती. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का अशा पाच जोड्यांच्या मिळून तीस. एक्का-राजा मात्र चार चोक सोळा रीतींनी येतो, एक्का-राणीही सोळा. झाले बत्तीस. मनात भीती असते ती मोठ्या जोडीची, पण मोजल्यावर ती निम्म्याहून थोडी कमीच भरते. मोठ्या जोडीपुढे अठ्ठ्या साधारण 19 टक्के वेळा तरतात. एक्का-राजासारख्या सुट्या पानांपुढे त्या सुमारे 54 टक्के वेळा जिंकतात. सगळ्याची गोळाबेरीज 37 टक्क्यांच्या आसपास.

आता 37 म्हणजे चांगले की वाईट? नुसत्या आकड्यावरून सांगताच येत नाही. पॉटमध्ये आधी 300 चिंचोके होते आणि त्याने 700 लावले, तर तुम्ही 700 घालून 1700 च्या पॉटसाठी लढता. बरोबरी व्हायला 41 टक्के हवेत. फोल्ड. पॉटमध्ये 600 होते आणि त्याच्याकडे लावायला 400 च उरले होते, तर 400 घालून 1400 मिळवायचे आहेत. 29 टक्के पुरतात. कॉल. पानं तीच, अठ्ठ्याही त्याच. (तुटपुंजे चिंचोके उरलेला माणूस एरवीपेक्षा हलक्या पानांवरही सगळं लावतो, ही गोष्ट कॉलच्या आणखी बाजूने जाते.)

इथवर हे शाळेतलं संभाव्यतेचं गणित झालं. फ्लॉप उघडल्यावर ते अपुरं पडायला लागतं. तिसरी अठ्ठी फ्लॉपवर येण्याची शक्यता जेमतेम 12 टक्के. तीनपैकी निदान एक पान अठ्ठीहून मोठं असण्याची शक्यता मात्र 87 टक्के. समजा, आधी कोणी सर्वस्व लावलं नव्हतं, टेबलावर राजा, राणी, पंजी पडलीय आणि समोरचा आता जोरात लावतोय. तुमच्या अठ्ठ्या आता त्याच्या चांगल्या पानांना हरवू शकत नाहीत. हरवतील ती फक्त थाप. आणि थाप किती वेळा मारायची हे तो तुमच्याकडे बघून ठरवणार, तुम्ही कॉल किती वेळा करायचा हे त्याच्याकडे बघून.

या एकमेकांत अडकलेल्या विचाराचं गणित जॉन फॉन नॉयमन यांनी 1928 मध्ये मांडलं. ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्याबरोबर 1944 मध्ये लिहिलेल्या त्यांच्या जाडजूड ग्रंथात पोकरवर सविस्तर विवेचन आहे. पण मधल्या पानाची व्यथा मला सगळ्यात स्वच्छ दिसते ती हॅरोल्ड कून यांनी 1950 मध्ये मांडलेल्या एका चिमुकल्या खेळात. पानं तीनच: गुलाम, राणी, राजा. दोन गडी, प्रत्येकी एक पान, तिसरं झाकून बाजूला. दोघांनी सुरुवातीला एकेक चिंचोका टाकायचा, पुढे लावायचा तोही एकच.

राजा आलेल्याला लावलेल्यावर कॉल करताना डोकं चालवावं लागत नाही. गुलाम आलेला कॉल करणारच नाही. राहिली राणी. पहिल्याने चिंचोका लावला: त्याच्याकडे राजा आहे, की गुलाम दडवून तो थाप मारतोय? कून यांचं उत्तर असं, की राणीवाल्याने तीनातून एकदा कॉल करावा. दोनदा नाही, प्रत्येक वेळीही नाही. थाप मारणारा एक चिंचोका घालून पॉटमधले दोन पळवायला बघतो. समोर राजा निघाला तर तो पकडला जातोच. राणी निघाली तर तीनातून एकदा. राजा आणि राणीची शक्यता सारखी, तेव्हा एकंदर तीन थापांतल्या दोन फसतात आणि एक पचते. दोनदा एकेक गेला, एकदा दोन आले. शून्य. राणी याहून भित्री झाली की थापा फायद्याच्या ठरतात, याहून धीट झाली की राजावाल्याचं फावतं.

थापाड्यालाही असंच माप आहे: राजावर तीनदा लावलं तर गुलामावर एकदा. मग राणीला चारातून एकदा थाप सापडते, आणि एक चिंचोका घालून पॉट होतो चारचा. म्हणजे तिचाही हिशेब शून्य! त्या एका डावात कॉल करा की फोल्ड, मिळकत तीच. (उत्तम खेळूनही पहिल्या पाळीचा गडी दर डावाला सरासरी एक-अठरांश चिंचोका हरतो, हीही कून यांच्याच गणितातली गंमत.)

तीन पानांचं जे कागदावर सुटलं ते 52 पानांसाठी सोडवायला संगणक लागले. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या ‘सेफियस’ या प्रोग्रॅमने 2015 मध्ये दोघांचा, ठरावीक रकमा लावायचा होल्डेम जवळजवळ पुरता सोडवला. 4,800 प्रोसेसर, 68 दिवस. त्याची शिकण्याची रीत फार माणसासारखी वाटते: स्वतःशी खेळायचं, आणि दर वेळी ‘फोल्डऐवजी कॉल केला असता तर किती मिळालं असतं’ याची हळहळ आकड्यात मांडून ठेवायची. ज्या चालीबद्दल हळहळ जास्त साठली, ती पुढे जास्त वेळा खेळायची. आपण हळहळतो ते शेवटच्याच डावाबद्दल. हे यंत्र सगळ्या डावांची बेरीज ठेवतं.

तीनातून एकदा कॉल करायचा, तर कोणत्या वेळी? मनाने ठरवायला गेलं की त्यात ठेका येतो, आणि ठेका समोरच्याला कळतो. म्हणून काही गडी मनगटावरच्या घड्याळात बघतात. सेकंदकाटा पहिल्या वीस सेकंदांत असला तर कॉल, पुढच्या चाळिसात असला तर फोल्ड. समोरचा तुमच्या चेहऱ्याकडे टक लावून बसलेला असतो, आणि तुम्ही काट्याकडे.