गोडी तीच, साखर निराळी

उन्हाळ्यात थंड पेय प्यावंसं वाटतंच, आणि घरात मधुमेह असेल तर हात 'डाएट' किंवा 'झीरो' लिहिलेल्या बाटलीकडे वळतो. ती बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचावीत. ९५१ हा आकडा म्हणजे अ‍ॅस्पार्टेम, ९५५ म्हणजे सुक्रालोज. पहिलं साखरेच्या सुमारे २०० पट गोड, दुसरं ६०० पट. त्यामुळे कणभर पुरतं आणि कॅलरी जवळपास शून्य. चहात टाकायच्या गोळ्या, 'शुगर फ्री' बिस्किटं, प्रोटीन पावडर यांतही हीच मंडळी असतात.

वजन उतरावं आणि रक्तातली साखर आटोक्यात राहावी, म्हणून माणूस हे घेतो. ते खरंच साधतं का? जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून सांगितलं, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी हे पदार्थ वापरू नयेत. काही महिन्यांच्या प्रयोगांत वजन किंचित उतरतं. पण अनेक वर्षं चाललेल्या पाहण्यांत तो फायदा टिकलेला दिसत नाही, उलट टाइप-२ मधुमेह आणि हृदयविकार अधिक आढळतात. यावरचा आक्षेप रास्त आहे: ज्याचं वजन आधीच वाढलंय तोच 'डाएट'कडे वळतो, मग दोष पेयाचा कसा? संघटनेनेही ही शक्यता धरून शिफारस सशर्तच ठेवली. त्यामुळे गोळ्यांनी मधुमेह होतो, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण फायदा होतो हे दाखवून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, आणि दीर्घकाळाचा फायदा अजून कुणी दाखवलेला नाही.

त्यातून आपल्याकडे वजनकाट्यावर फार विसंबता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचं आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. अंगाने सडपातळ आणि आतून चरबीदार, अशी आपली ठेवण. म्हणून इथलाच एक प्रयोग पाहू: चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने मधुमेह असलेल्या १७९ जणांवर १२ आठवडे प्रयोग केला. त्यांतल्या एका गटाला चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रालोज दिलं. वजन आणि कमरेचा घेर थोडा उतरला, पण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीएवनसीत लक्षणीय फरक पडला नाही. मला यात नवल वाटत नाही. भारतीय आहारात सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. भात-पोळी तेवढीच राहिली, तर चहातला चमचा बदलून किती फरक पडणार?

कर्करोगाची भीती मात्र वाजवीपेक्षा मोठी झाली आहे. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्याच कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात टाकलं, पण पुरावा तुटपुंजा असल्याचंही सांगितलं. त्याच वेळी अन्नसुरक्षेच्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम ही मर्यादा कायम ठेवली. ७० किलोच्या माणसाने ती ओलांडायची, तर रोज नऊ ते चौदा कॅन प्यावे लागतील. या भीतीपोटी गूळ किंवा मध घ्यावा म्हणणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं, की रक्ताच्या दृष्टीने तीही साखरच.

ज्यांना मधुमेह आहे त्यांना आरोग्य संघटनेची शिफारस लागू नाही. साखर सुटत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी चालेल, पण ती काही दिवसांची सोय म्हणून. बाकीच्यांनी चहातली साखर हळूहळू कमी करत जावी, जीभ सरावते. आणि मुलांच्या हाती 'झीरो'ची बाटली देण्याआधी तिच्यावर छापलेली, हे पेय लहान मुलांसाठी नाही अशी सूचना जरूर वाचावी.