लहान ध्वनिवर्धकाची जव्हारी

मध्यम स्थितींतील पुष्कळ घरांत हल्लीं एक नवें वाद्य शिरलें आहे. ज्या कोपऱ्यांत पूर्वीं तंबोरा किंवा पेटी असे, तेथें आतां विजेची गिटार भिंतीला टेकून उभी दिसते. आणि तिच्या शेजारीं, तोंडावर काळें कापड ताणलेला, हातभर उंचीचा एक लांकडी खोका असतो. हा खोका म्हणजे सरावाचा ध्वनिवर्धक. विजेच्या गिटारीचा स्वतःचा आवाज इतका क्षीण, कीं या खोक्यावांचून ती जवळजवळ मुकीच. परंतु स्वस्तांतला खोका घरीं आला, कीं थोड्याच दिवसांत दोन तक्रारी सुरू होतात. वडील मंडळी म्हणतात, "हा कर्कश आवाज किती वेळ ऐकायचा?" आणि वाजविणारा मुलगा म्हणतो, "यांतून चांगला स्वर निघतच नाहीं. मला मोठा घेऊन द्या." दोघांनाही खटकतो तो दोष एकच आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तो दोष बऱ्याच अंशीं घरच्या घरीं, थोड्या खर्चांत दूर करतां येतो. तो कसा, हें येथें सांगावयाचें आहे.

कर्कशपणा कोठून येतो?

गिटारीच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. तार कंप पावली, कीं वेटोळ्यांत विजेचा दाब उत्पन्न होतो; पण तो व्होल्टच्या कांहीं दशांशांइतकाच. खोक्यांतील पहिला विभाग हा दाब वाढवितो, दुसरा खर्ज व टीप यांचें प्रमाण ठरवितो, आणि तिसरा स्पीकरचा पडदा हलविण्याइतकी शक्ति पुरवितो. प्रारंभीं हें सारें काम कांचेचे तापणारे व्हॉल्व्ह करीत. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बार्डीन व ब्रॅटन यांनीं ट्रान्झिस्टर सिद्ध केला; शॉकली यांच्यासह त्या दोघांस १९५६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. व्हॉल्व्ह गेले आणि ध्वनिवर्धक हलका, स्वस्त व टिकाऊ झाला. मात्र एक गोष्ट बदलली. पेलवेल त्याहून अधिक दाब आला असतां व्हॉल्व्ह लहरींचे माथे हळूहळू गोलाई देऊन दाबतो. ट्रान्झिस्टर ते सुरीनें कापल्यासारखे सपाट करतो.

सरावाच्या खोक्यांत हें कापण्याचें काम बहुधा दोन उलटसुलट जोडलेल्या सिलिकॉन डायोडांकडे दिलेलें असतें. दाब सुमारें ०.६ ते ०.७ व्होल्टपर्यंत चढला, कीं डायोड वाहूं लागतो आणि लहरीचा माथा तेथेंच छाटला जातो. छाटलेल्या लहरींत मूळ स्वराच्या तिप्पट, पांचपट, सातपट कंपनांचे वरचे नाद मिसळतात. आमच्या वाचकांना ही कल्पना परकी वाटूं नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तार किंचित घासूं देऊन, खालीं दोरा सरकवून, जव्हारी काढणारा मिरजेचा कारागीर वरचे नादच तर जागे करतो! फरक एवढाच, कीं तो ते किती जागे करावयाचे हें कानानें ठरवितो. कारखान्यांत मात्र तें खर्चाच्या हिशेबानें ठरतें. त्यांतच पांचसहा इंचांचा स्पीकर व अरुंद खोका यांमुळें खर्ज नाहींसा होतो, आणि उरते ती केवळ किरकिर.

भंगारांतून निघालेला स्वर

लहान खोक्यांतून कधीं कांहीं चांगलें निघेल काय, असें ज्यांस वाटतें त्यांनीं लंडनमधील एक हकीकत अवश्य ऐकावी. 'क्वीन' या इंग्रज वाद्यवृंदाचा जॉन डीकन हा चेल्सी कॉलेजांत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला पदवीधर. याच वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचें बालपणींचें शिक्षण आपल्या पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत झालें होतें. १९७२ च्या सुमारास डीकनला रस्त्यावरच्या भंगाराच्या पेटींत ट्रान्झिस्टरची एक लहान पाटी, तिच्या तारा लोंबत असलेली, अशी सांपडली. त्यानें ती घरीं नेली, पुस्तकांच्या फळीवर ठेवतात तसल्या लहान स्पीकरच्या पेटींत बसविली व ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालविली. तिला आवाज कमीजास्त करण्याची एकही कळ नव्हती. त्याला हवा होता केवळ सरावाचा ध्वनिवर्धक.

परंतु त्याचा सोबती ब्रायन मे यानें आपली गिटार तिला जोडून पाहिली. ही गिटारही त्यानें १९६३ पासून वडिलांच्या मदतीनें, जुन्या शेगडीच्या चौकटीचें लांकूड वापरून, हातानें घडविलेली. त्या पेटींतील जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांतून असा मृदु व भरदार नाद निघाला, कीं एकावर एक थर मुद्रित करून मे यानें तुतारी व क्लॅरिनेट यांचा भास निर्माण केला. १९७५ च्या 'ए नाइट ॲट द ऑपेरा' या संग्रहांतील 'गुड कंपनी' हें गीत त्याची साक्ष आहे. मोठमोठीं यंत्रें हाताशीं असतां त्या मुद्रणासाठीं निवड झाली ती या भंगाराची.

सुधारणा कोणत्या क्रमानें करावी?

पहिला मान स्पीकरचा. खोक्याचा पाठीमागचा फळा काढून, आंतला स्पीकर सोडवून, त्या तारा तात्पुरत्या एखाद्या मोठ्या, गिटारीसाठीं बनविलेल्या दहा-बारा इंची स्पीकरला जोडाव्या. यांत दोन हेतु साधतात. असा स्पीकर सुमारें पांच हजार कंपनांच्या वरचे नाद आपोआप दडपतो, त्यामुळें छाटलेल्या लहरींची धार बोथट होते. शिवाय तो कमी शक्तींत अधिक बोलतो. तीन डेसिबलचा लाभ म्हणजे शक्ति दुप्पट केल्यासारखें आहे. जुना स्पीकर एका वॉटला ८८ डेसिबल व नवा ९७ डेसिबल देत असेल, तर नऊ डेसिबलांचा हा फरक आठपट शक्तीच्या बरोबरीचा होय. मात्र मूळ स्पीकरवर आठ ओम लिहिलें असतां चार ओमांचा जोडूं नये. चिप तापून निकामी होण्याचा संभव असतो. तसेंच कांहीं चिपांच्या स्पीकरकडे जाणाऱ्या दोन्ही तारा जिवंत असतात. त्यांपैकीं एकही खोक्याच्या धातूला लागूं देऊं नये. पुष्कळांचें समाधान एवढ्यावरच होतें, आणि पाटीला हातही लावावा लागत नाहीं.

दुसरी पायरी डायोडांची. दोन सिलिकॉन डायोडांच्या जागीं दोन तांबडे दिवे, म्हणजे एलईडी, पूर्वीच्याच उलटसुलट दिशांनीं बसविले, तर छाटणी सुमारें पावणेदोन व्होल्टपर्यंत लांबते. स्वर मोकळा होतो व बोटांचा हलका-जड आघात ऐकूं येऊं लागतो. एका बाजूस सिलिकॉन व दुसऱ्या बाजूस दिवा ठेवला, तर छाटणी विषम होऊन दुप्पट, चौपट कंपनांचे नादही मिसळतात. हे कानाला अधिक गोड लागतात.

तिसरी पायरी एका लहान कंडेन्सरची. वर्धक चिपच्या परतीच्या मार्गावर जो रोधक असतो, त्याला समांतर कंडेन्सर जोडला, कीं वरचे नाद उतरूं लागतात. रोधक १०० किलोओमचा व कंडेन्सर ३३० पिकोफॅरडचा असेल, तर ही उतरण सुमारें ४८०० कंपनांपासून सुरू होते. कंडेन्सर दुप्पट केला, तर ती निम्म्यावर येते. अर्थात् अतिरेक केल्यास स्वर घोंगडींत गुंडाळल्यासारखा होईल.

प्रत्येक वेळीं एकच बदल करावा, त्याची वहींत नोंद ठेवावी आणि काढलेला भाग पुडींत जपून ठेवावा. परीक्षा नेहमींच्या आवाजावरच करावी. १९३३ मध्यें फ्लेचर व मन्सन यांनीं दाखविलें, कीं आवाज लहान असतां मनुष्याच्या कानाला खर्ज विशेष कमी ऐकूं येतो. दार लावून मोठ्यानें वाजवितांना जो स्वर भरदार वाटला, तोच रात्रीं हळू आवाजांत पोकळ वाटतो. शेजाऱ्यांची झोंप सांभाळून ज्यांना सराव करावयाचा आहे, त्यांनीं हळू आवाजावर खर्ज थोडा वाढवूनच निर्णय करावा.

जिवाशीं खेळ नको

येथें वडील मंडळींनीं लक्ष घालणें अत्यंत आवश्यक आहे. भिंतींतून येणारी आपली वीज २३० व्होल्टची. ती माणसाचा प्राण घेऊं शकते. खोका उघडण्यापूर्वीं तार भिंतीपासून काढावी, केवळ कळ बंद करून भागत नाहीं. मोठे कंडेन्सर वीज धरून ठेवतात, म्हणून कांहीं वेळ थांबून मीटरनें तपासल्यावरच आंत हात घालावा. तार भिंतींतून जेथें ट्रान्सफॉर्मरला मिळते त्या बाजूस नवशिक्यानें मुळींच शिवूं नये, आणि तिसऱ्या पिनची जमिनीची तार कधींही तोडूं नये. मोहरीएवढे भाग यंत्रानें चिकटविलेल्या पाट्याही हल्लीं पुष्कळ. त्यांवर डाख देणें घरीं जमत नाहीं, म्हणून तेथें स्पीकर बदलूनच थांबावें. मुदतीची हमी चालू असेल, तर ती संपेपर्यंत धीर धरावा.

इतकी काळजी घेतल्यावर मात्र मुलाला अडवूं नये. नवा खोका घेऊन दिला तर त्याला एक वस्तु मिळेल. जुना सुधारूं दिला तर ओमचा नियम, लहरींचें गणित आणि स्वराची पारख या तीन गोष्टी एकाच पेटींतून मिळतील. पुढील सुटींत वडिलांनीं मीटर धरावा, मुलानें डाख द्यावा, आणि स्वर गोड झाला कीं नाहीं याचा निवाडा घरांतील ज्यांचा कान सर्वांत तयार असेल, त्या आजींकडे सोंपवावा.