गरम प्रेसवर काम करताना

प्लायवूडच्या कारखान्यात कामाला गेलेले आपल्या लाखांदूरचे तरुण सुटीत माझ्याकडे येतात. तक्रार एकच : डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. ही सर्दी नव्हे. लाकडाचे पापुद्रे फॉर्माल्डिहाइडयुक्त डिंक लावून गरम प्रेसमध्ये दाबतात. प्रेस उघडताच तो वायू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तो कर्करोगकारक ठरवला. म्हणून प्रेस उघडताना मागे सरा, वाफ ओढणारा पंखा चालू ठेवा. तोंडाला बांधलेला रुमाल वायू अडवत नाही. अडकलेली फळी काढण्यापूर्वी प्रेस बंद करा. भाजल्यास २० मिनिटे वाहते पाणी सोडा. टूथपेस्ट लावू नका. हात चेपला असेल तर जखम लहान दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठा. इजा आत खोलवर असू शकते.