गणित ठेवायचं की सोडायचं?

दहावीचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या कॉलेजांच्या कार्यालयांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘डॉक्टरच व्हायचंय, मग गणित कशाला?’ अकरावी विज्ञानात पीसीबी (भौतिक, रसायन, जीव) घ्यायचं की गणितासह पीसीएमबी, हे घराघरांत ठरतं. पण बऱ्याचदा ते ठरवतो शेजारचा रिपीटर किंवा दूरचा मामा.

सोडणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाशी जोडला गेलेला ‘लातूर पॅटर्न’ बोर्डाच्या गुणवत्ता यादीमुळे गाजला, तेव्हा एकेका विषयाच्या गुणांना मोल होतं. पण 2017 पासून राज्यातला एमबीबीएसचा प्रवेश नीट या परीक्षेवर होतो. 720 गुणांत जीवशास्त्राचे 360, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी 180. गणिताचा स्वतंत्र विभागच नाही. बारावीत खुल्या गटाला भौतिक, रसायन, जीव मिळून 50 टक्के, राखीव गटांना 40 टक्के पुरतात. मग गणिताचा गृहपाठ आणि प्रात्यक्षिकांचा वेळ जीवशास्त्राला दिलेला काय वाईट?

खरी अडचण भौतिकशास्त्रात आहे. राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दुसरंच प्रकरण गणिती पद्धतींचं आहे : सदिश, विकलन, संकलन. स्थानाचं सूत्र देऊन वेग विचारला की विकलन करावंच लागतं. म्हणजे गणित हा विषय सुटतो, त्याची गरज सुटत नाही. ज्याने तो सोडला, त्याला एवढं गणित भौतिकशास्त्राच्या सरांकडून वेगळं शिकून घ्यावं लागतं. चांगले शिक्षक सुरुवातीचे तास त्यासाठीच खर्च करतात, आणि ते तास चुकवणारी मुलं पुढे वर्षभर सूत्रं पाठ करत बसतात.

दुसरी गोष्ट जागांची. 2024 च्या नीटला देशभरातून 24 लाखांहून अधिक जणांनी नोंदणी केली. एमबीबीएसच्या जागा जेमतेम लाखाच्या वर होत्या. याचा साधा अर्थ असा की बहुतेकांना दुसरी वाट धरावी लागणारच.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत या वाटा शेजारी शेजारी दिसतात. तिथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्थाही. पहिलीसाठी जीवशास्त्र हवं, दुसरीसाठी गणित. राज्यातला अभियांत्रिकीचा प्रवेश सीईटीच्या पीसीएम गटातून किंवा जेईईतून होतो. वास्तुशास्त्र, वैमानिक प्रशिक्षण, एनडीएतून नौदल आणि हवाई दल यांनाही गणित लागतं. उलट बी.फार्म., कृषी, नर्सिंग, फिजिओथेरपी, पशुवैद्यक या वाटा पीसीबीवाल्याला मोकळ्या आहेत. तेव्हा गणित सोडलं म्हणून सगळं संपलं, असं सांगून मुलांना घाबरवणं अन्यायाचं आहे.

एक बदल अजून अनेक पालकांपर्यंत पोहोचलेला नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने, बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून पूर्ण केलेल्यांनाही नीट देता येईल, असं जाहीर केलं. पीसीएम घेतलेल्याला डॉक्टरकीचा दरवाजा कायमचा बंद झालेला नाही.

मग निर्णय कसा घ्यावा? दहावीचं बीजगणित समजून सोडवलेलं असेल, तर पीसीएमबी घ्यावं. भार वाढतो, पण सीईटीचे पीसीएम आणि पीसीबी हे दोन्ही गट देता येतात. ज्या मुलीला गणिताच्या तासाला दडपण येतं, रात्रीची झोप जाते आणि जिचं मन खरोखर आरोग्यक्षेत्रातच आहे, तिने बिनधास्त सोडावं. लाजण्यासारखं त्यात काही नाही. दोघांनीही विषय बदलण्याची मुदत प्रवेश घेतानाच कॉलेजच्या कार्यालयात विचारून ठेवावी. आणि पालकांनो, क्लासची फी भरण्याआधी एक संध्याकाळ मुलाचं म्हणणं न तोडता ऐकून घ्या. दोन वर्षं अभ्यास त्यालाच करायचा आहे.