रात्र, वय आणि बोहाड्याची सोंगे

मंडळी, आज घरचाच प्रश्न घेऊ. ‘रात्री नऊनंतर अठरा वर्षांखालच्या मुलामुलींनी घराबाहेर दिसायचं नाही, दिसल्यास दंड,’ असा ठराव उद्या जव्हार-मोखाड्यातल्या एखाद्या ग्रामसभेपुढे आला, तर आपण हात वर करायचा का? ठराव कल्पित आहे, पण फार दूरचा नाही. 2022 साली यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने अठराच्या आतल्या मुलांना मोबाईलबंदी करणारा ठराव केलाच होता, तोही काळजीपोटी. आपलीही काळजी खोटी नसते. दारू आहे, भरधाव मोटारसायकली आहेत, मुलींची छेड आहे. तेव्हा हेतूवर शंका नको. प्रश्न अधिकाराचा आहे.

संविधानाच्या कलम 19 ने देशभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क दिलाय तो ‘सर्व नागरिकांना’. वय हवं होतं तिथे ते लिहिलेलं आहे. कारखान्यात, खाणीत कामाला 14 वर्षांची अट कलम 24 मध्ये. मतदानाला आधी 21 आणि 1989 पासून 18. संचाराच्या हक्कापुढे असा आकडा नाही.

इथे कुणी मिलचा हवाला देईल. पण 1859 च्या ‘ऑन लिबर्टी’त मिलने अजाण मुलांना आपल्या तत्त्वातून वगळलंय. वर्गात शिकवताना आम्ही ते वाक्य भरभर ओलांडायचो, कबूल करतो. म्हणजे मुलांवर बंधनच नको, असं म्हणायची सोय नाही. आई म्हणतेच, दिवेलागणीला घरी ये. पण लेकराचं तोंड बघून ती आपला नियम मोडू शकते. ठरावाला तोंड दिसत नाही, घड्याळ दिसतं. शिवाय मुलाला कधी सोडायचं हे ठरवण्याचा आईबापाचा अधिकारही तो काढून घेतो.

अमेरिकेत नेमकं यावरच भांडण झालं. सॅन डिएगो शहरात 1947 पासून असा नियम होता. 1997 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. ‘भटकणे’, ‘रेंगाळणे’ असले शब्द इतके सैल, की काय केलं म्हणजे गुन्हा हेच कळेना. त्यात पालकांचा निर्णयही शहराने बळकावलेला. उलट डॅलसचा नियम 1993 मध्ये टिकला, कारण त्यात अपवाद होते: पालक सोबत असले तर, कामावरून परतताना, शाळेच्या वा धार्मिक कार्यक्रमाला जाताना. आता बघा, एवढे अपवाद काढल्यावर नियमात उरतं काय? आमच्या मते फारसं काही नाही.

आपल्या कलम 19 मध्ये पुढे एक जागा आहे, ती या भागाने पाठच करावी. संचारावर वाजवी निर्बंध घालता येतो तो सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी, किंवा अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी. आणि तोसुद्धा कायद्याने. नुसत्या ठरावाने नव्हे. आपण पाचव्या अनुसूचीतले. कुणी म्हणेल, झालं तर, आदिवासी पोरांच्या रक्षणासाठीच हे. पण या शब्दांमागची भीती आदिवासींचं शोषण करणाऱ्या बाहेरच्यांची होती. त्यांचा आधार घेऊन आदिवासी पोरालाच कोंडायचं, म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं.

‘पेसा ग्रामसभेला परंपरा जपण्याचा अधिकार देतो,’ हेही ऐकू येईल. देतोच. पण मूलभूत हक्कांविरुद्ध जाणारी रूढीही कलम 13 पुढे टिकत नाही. आणि परंपराच बघायची तर मोखाड्याचा बोहाडा बघा. जगदंबेच्या उत्सवात रात्र-रात्र मुखवट्यांची सोंगं नाचतात. तारप्याभोवतीचा फेरही रात्रीच रंगतो. तिथून पोरं नऊला घरी पाठवायची?

गंमत अशी, की 1951 च्या पोलीस अधिनियमाचं कलम 122 सूर्यास्त ते सूर्योदय याच वेळेपुरतं आहे आणि त्यात तोंड झाकून वा वेष बदलून फिरणारा सापडतो. वाटेल, अख्खा बोहाडाच आत! तसं होत नाही, कारण तिथे ‘गुन्हा करण्याच्या इराद्याने’ असे शब्द आहेत. नुसती रात्र आणि नुसता मुखवटा पुरत नाही. आपल्या ठरावात मात्र नुसती रात्र आणि नुसतं वय पुरतं.

मग काळजीचं काय? मुलांना दारू देणाऱ्यासाठी 2015 च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम 77 आहे: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, लाखापर्यंत दंड. आणि मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याचा अधिकार पेसानेच ग्रामसभेला दिलाय. ठराव लिहायचाच तर त्या गुत्त्यावर लिहू. त्यात वेळ घालावी लागणार नाही, पोराचं वयही नाही. दारू कुठे विकली जाते, तेवढं लिहावं लागेल. आणि ते लिहायला, खरं सांगायचं तर, जास्त धीर लागतो. गुत्तेवाला मतदार असतो.

बरं, आता प्रश्न घेऊ. मागे उभे आहेत त्यांच्यापासून सुरू करू. त्यांना शेवटची एसटी गाठायची असेल.