संगणकाची स्मरणशक्ति : वेग आणि विश्वास

पस्तीस वर्षें शाळेंत मुलांचे पाढे ऐकण्यांत गेल्यामुळें एक गोष्ट आमच्या ध्यानांत पक्की बसली आहे. जो मुलगा पाढा धडाधड म्हणतो, त्यास मध्येंच 'सतरा नवे किती?' असें विचारलें कीं पुष्कळदां तो पहिल्यापासून आरंभ करितो; आणि जो सावकाश म्हणतो, तो कधीं कधीं तत्काळ उत्तर देतो. भरभर म्हणत सुटणें निराळें, आणि विचारल्याबरोबर नेमकें सांगणें निराळें. हाच भेद आमच्या घरच्या संगणकानें गेल्या वर्षीं आम्हांस नव्यानें शिकविला, व तोहि थोडी शिक्षा करून.

आमच्या एकत्र कुटुंबांत मेजावरचा संगणक एकच आहे. सूनबाई त्यावर घराचा हिशेब ठेवितात, मुलें अभ्यास करितात, सर्वांचीं छायाचित्रें त्यांतच असतात, आणि गेलीं चार वर्षें आम्ही आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत त्यावर सिद्ध करीत आहों. धाकटा नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. तो एके दिवशीं म्हणाला, "आजोबा, आपली रॅम ३२०० वर चालत होती, ती मीं ३६०० वर नेली, टायमिंग मात्र १६ च ठेवलें. पैसा एकहि लागला नाहीं." आम्हांस त्यांतलें कांहींच कळलें नाहीं, परंतु फुकटाचा लाभ कोणास नको? आम्ही कौतुकानें 'शाबास' म्हणालों.

पुढें दीड महिन्यानें कुलवृत्तांत वाचीत असतां आमच्या पणजोबांचें जन्मवर्ष १८७४ असें दिसलें. त्यांच्या ज्येष्ठ पुत्राचें १८८५! अकराव्या वर्षीं पुत्रप्राप्ति झालेली पाहून घरांत हंशा पिकला. आम्हांस मात्र राग आला, आणि मजकूर टंकलिखित करणाऱ्या सूनबाईंस आम्ही दोन शब्द बोललों. तो अन्याय होता, हें येथेंच कबूल करितों; कारण मूळ वहींत १८६४ होतें, आणि दिवाळीपूर्वीं छापून घेतलेल्या प्रतींतहि १८६४ च होतें. मग अंक बदलला कोणीं? त्याच दिवसांत छायाचित्रें जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर हलविलीं होतीं. तींहि पाहिलीं, तों दोन उघडेनात. नातवाचा चेहरा उतरला. "आजोबा, ही माझी करणी दिसते," असें तो आपण होऊन म्हणाला. त्या रात्रीं त्यानें आम्हांस जें समजावून दिलें, तें आमच्या भाषेंत वाचकांपुढें ठेवितों.

संगणक ज्या मजकुरावर काम करीत असतो, तो तेवढ्यापुरता रॅम नांवाच्या स्मृतींत ठेवितो. आजची ही स्मृति रॉबर्ट डेनार्ड या आय.बी.एम. कंपनींतील अभियंत्यास १९६६ सालीं सुचली. १९६८ सालीं त्यांस तिचें पेटंट मिळालें. प्रत्येक कणासाठीं एक ट्रान्झिस्टर व एक चिमुकला कपॅसिटर. कपॅसिटरांत विद्युद्भार असला तर 'एक', नसला तर 'शून्य'. परंतु ही घागर गळकी आहे. भार क्षणोक्षणीं झिरपत असतो, म्हणून साधारणतः ६४ मिलिसेकंदांच्या आंत प्रत्येक ओळ पुनः भरावी लागते. शिवाय वाचतांना भार खर्च होतो. म्हणून वाचलेलें लगेच परत लिहावें लागतें.

हे कपॅसिटर ओळींनीं मांडलेले असतात. एकेक ओळ म्हणजे रुमालांत बांधलेली एकेक पोथी, असें समजावें. पान हवें असेल तर प्रथम रुमाल सोडावयाचा, मग पान काढावयाचें, आणि दुसरी पोथी हवी असल्यास पहिली नीट बांधून मगच दुसरीस हात घालावयाचा. या प्रत्येक कृतीस किती ठोके थांबावयाचें, त्या संख्यांसच टायमिंग म्हणतात. रॅमच्या वेष्टणावर १६-१८-१८-३८ अशासारखे आंकडे असतात ते हेच. त्यांतील पहिला, ज्यास सीएल म्हणतात, तो पोथी उघडी असतां पान हातीं पडेपर्यंतचा थांबा होय.

येथें एक फसवणूक संभवते. टायमिंग ठोक्यांत मोजतात, आणि ठोका सर्वत्र सारख्या लांबीचा नसतो. ३२०० म्हणजे तारेगणिक सेकंदास ३२० कोटी देवघेवी. एका ठोक्यांत दोन देवघेवी होतात, म्हणून ठोके १६० कोटी. यावरून खरा थांबा काढण्याचें गणित सोपें आहे : सीएलच्या आंकड्यास २००० नें गुणावें आणि गतीच्या आंकड्यानें भागावें, उत्तर नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागांत येतें. ३२०० ला सीएल १६ असतां थांबा १० नॅनोसेकंद. ३६०० ला १८ असतांहि बरोबर १०. म्हणजे १६ चे १८ झाले म्हणून रॅम मंद झाली, असें नव्हे. उत्तर त्याच वेळांत मिळतें, आणि मजकुराचा ओघ मात्र अष्टमांशानें वाढतो. आमच्या नातवानें ३६०० लाहि १६ च ठेविले, तेव्हां थांबा ८.९ वर आला. भार ओळखण्यास कपॅसिटरांस व त्यांच्या वाचकमंडलास जो अवधि हवा, तोच त्यानें कापला.

हा अवधि कमी करणें किती अवघड आहे, हें इतिहासावरून दिसतें. जुन्या डीडीआर ४०० रॅमचा सीएल ३ असे, म्हणजे थांबा १५ नॅनोसेकंद. आजच्या डीडीआर ५ पैकीं ६००० गतीच्या व सीएल ३० च्या रॅमचा थांबा १०. देवघेवीची गति पंधरापट झाली, थांबा एक तृतीयांशानेंच घटला. ओघ रुंद करितां येतो; निसर्गाचा क्षण तितका आंखडत नाहीं.

मग एका अंकाची चूक कशी होते? संगणकांत प्रत्येक अक्षर म्हणजे एक आणि शून्य यांची ओळ. देवनागरी ६ व ७ यांच्या संकेतांत अवघ्या एका स्थानाचा फरक आहे. तेथील शून्य चुकून एक वाचलें गेलें कीं सहाचे सात होतात. घरगुती संगणकांत अशी चूक पकडण्याची पूर्ण सोय बहुधा नसते. यंत्र बंद पडत नाहीं, तक्रार करीत नाहीं. चुकीचा अंक तितक्याच सुबक अक्षरांत दाखवितें. आमच्या मतें हाच खरा धोका आहे. जो विद्यार्थी अडखळतो त्याची चूक कळते. जो न अडखळतां चुकतो, त्याची कळत नाहीं.

नातवानें मेमटेस्ट८६ नांवाचा परीक्षक पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून संगणक सुरू केला. हा रॅममध्यें ठराविक नमुने लिहितो आणि परत वाचून ताडून पाहतो. कधीं सुलट क्रमानें, कधीं उलट. आम्हांस वेदपाठकांच्या क्रम, जटा व घन पाठांची आठवण झाली. तेहि तींच पदें पुढें-मागें फिरवून म्हणावयाचे, तें चूक लपून राहूं नये म्हणूनच. तासाभरांतच पडद्यावर चुकांच्या तांबड्या ओळी उमटल्या. मग ३६०० ला सीएल १८ ठेवून परीक्षक रात्रभर चालविला. सकाळीं चूक शून्य.

ज्यांस हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं इतकें ध्यानांत ठेवावें. नवी रॅम नुसती बसविली तर ती बहुधा वेष्टणावरील गतीहून मंद अशा प्रमाणित गतीनेंच चालते. बायोसमध्यें एक्सएमपी अथवा एक्सपो हा पर्याय निवडला कीं उत्पादकानें तपासलेली गति, टायमिंग व व्होल्टेज लागू होतें. डीडीआर ४ चें प्रमाणित व्होल्टेज १.२, आणि या पर्यायांत तें पुष्कळदां १.३५ असतें. बहुतेक कुटुंबांनीं येथेंच थांबावें. पुढें जाणें असेल तर वॉरंटीच्या अटी पाहाव्या, महत्त्वाच्या कागदांची प्रत दुसरीकडे ठेवावी, एका वेळीं एकच आंकडा बदलावा, आणि प्रत्येक बदलानंतर रात्रभर परीक्षा घ्यावी.

शिक्षाग्रंथांत पठणाच्या तीन वृत्ति सांगितल्या आहेत : अभ्यासास द्रुत, प्रयोगास मध्यम, आणि शिष्यांस शिकवितांना विलंबित. पाणिनीय शिक्षेंत तर घाईनें म्हणणाऱ्यास अधम पाठकांत बसविलें आहे. आमच्या संगणकास आतां मध्यम वृत्ति लाभली आहे.

त्या दोन छायाचित्रांपैकीं एकाची प्रत नागपुरास पुतणीकडे मिळाली. दुसरें, आमच्या कैलासवासी वडीलबंधूंचें शेवटचें, तें मात्र गेलें. नातवास आम्हीं त्याबद्दल रागें भरलें नाहीं. 'शाबास' म्हणण्यापूर्वीं 'तपासलेंस कां?' असें विचारणें हें शिक्षकाचें काम, आणि तें आमच्याकडून राहिलें. सूनबाईंची क्षमा मागितली. हल्लीं रोज दिवेलागणीनंतर नातू कुलवृत्तांत पडद्यावरून मोठ्यानें वाचतो, सूनबाई वहींत पाहतात, आणि आम्ही ऐकतों. आजवर आणखी दोन अंक चुकलेले सांपडले. निम्मा ग्रंथ अजून व्हावयाचा आहे. परंतु आतां वाचनास कोणीहि घाई करीत नाहीं.